सत्तावीस मिनिटं

‘घटका भरली’ म्हटलं की आपल्याला मरण आठवतं. पण मुळात भरायचं ते एक भांडं. तांब्याचं, वाटीएवढं, तळाला बारीक भोक पाडलेलं. पाण्यानं भरलेल्या घंगाळात ते तरंगत सोडायचं. भोकातून पाणी आत शिरत राहायचं आणि भांडं भरून बुडालं की एक घटका झाली, म्हणजे आजची २४ मिनिटं. अशा ६० घटकांचं एक अहोरात्र, आणि एका घटकेची ६० पळं. लग्नाचा मुहूर्त साधायला भटजी घटिकापात्र मांडून बसत. घटका बुडाली की तास वाजवायला राजवाड्यात वेगळा माणूस असे. घडी, घडीभर, घटकाभर, घड्याळ हे सगळे शब्द त्या घटाच्या पोटातून निघाले. आपल्या मनगटावरच्या यंत्रात पाण्याचा थेंबही नाही, तरी नाव त्या भांड्याचंच राहिलं आहे.

दोन घटकांचा एक मुहूर्त, ४८ मिनिटांचा. जैन घरात हा आकडा मूल पाढ्यांच्या आधी शिकतं, कारण सामायिक ४८ मिनिटांचं असतं. माझं माहेर नगरचं, म्हणजे आताचं अहिल्यानगर. अहिल्यादेवी आमच्या जिल्ह्यातल्या चौंडीच्या आणि राज्य केलं ते माझ्या सासरच्या मुलखावर, त्यामुळे मला हे नाव दोन्हीकडून घरचं वाटतं. नगरच्या स्थानकात कोनाड्यात वाळूची घडी असायची. बायका आल्या की ती उलटी करून मुहपत्ती बांधून बसायच्या. वाळू संपेपर्यंत घर नाही, चूल नाही, रागलोभ नाही. लहानपणी मी वाळूकडेच बघत बसे. आजी डोळे मिटूनच म्हणायची, “तिच्याकडे बघितलंस तर ती हळू पडते.”

शास्त्रात काळाची मोजणी याहूनही बारीक आहे. सगळ्यात लहान भाग तो ‘समय’, ज्याचा आणखी तुकडा पडत नाही. असंख्य समयांची एक आवलिका. मग श्वासोच्छ्वास. एका मुहूर्तात निरोगी माणसाचे ३७७३ श्वासोच्छ्वास होतात, असं आगमात सांगितलंय. भागाकार करून पाहा, मिनिटाला ७८-७९ येतात. आमच्या घरातल्या एका मुलानं हा हिशेब केला आणि मनगट धरून म्हणाला, “हे तर नाडीचे ठोके झाले.” शास्त्रकारांच्या मनात काय होतं ते मी सांगणार नाही. पण काळ मोजायला त्यांनी बाहेरचं यंत्र घेतलं नाही, माणसाचं शरीर घेतलं, एवढं त्या आकड्यावरून दिसतं.

दिवस मोजायला मात्र त्यांनी सूर्य घेतला, आणि सूर्य म्हणजे सावली. पोरसी हा शब्द ‘पौरुषी’वरून आला आहे, म्हणजे पुरुषाच्या सावलीवरून. दिवसाचे चार सारखे भाग, चार पोरसी. उत्तराध्ययन सूत्रात साधूची दिनचर्या अशीच लावून दिली आहे: पहिल्या पोरसीत स्वाध्याय, दुसरीत ध्यान, तिसरीत गोचरी, चौथीत पुन्हा स्वाध्याय. पोरसी कधी झाली हे ओळखायला सावलीचं मापही तिथेच आहे: आषाढात दोन पावलं, पौषात चार, चैत्रात आणि आश्विनात तीन. जुन्या काळच्या साधु-साध्वींजवळ घड्याळ कुठून असणार? पाऊल होतं, ऊन होतं, तेवढ्यावर भागत होतं.

ही सगळी उजळणी करायचं कारण घडलं ते माझ्या भाचीमुळे. ती इंदूरलाच असते आणि तिची दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. अशी आणखी चार-पाच कुटुंबं आहेत. महिन्यातून एकदा सगळे मिळून मुलांना काहीतरी दाखवायला नेतात. या जानेवारीत संक्रांतीच्या आसपास उज्जैनची वेधशाळा ठरली. भाची म्हणाली, “मावशी, तूही चल, तुला तिथल्या गोष्टी माहीत असतात.” आठ ते चौदा वर्षांची सहा मुलं, तीन आया आणि मी. इंदूरहून उज्जैन ५५ किलोमीटर. एवढ्या वर्षांत महाकाळाच्या दर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांसोबत मी कितीदा तरी उज्जैनला गेले असेन, पण वेधशाळेत बहुतेक वेळा कुणाला उतरायचं नसतं.

मुलांना आधी हे सांगावं लागलं की उज्जैनच का. आपण आज जगाचं रेखांश ग्रीनिचपासून मोजतो. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषात ती शून्याची रेघ लंकेपासून उज्जयिनीवरून उत्तरेला कुरुक्षेत्राकडे जाते असं मानत. सहाव्या शतकातला वराहमिहिर या अवंती देशातलाच. त्या रेघेवर सूर्य कधी उगवला ते आधी मांडायचं आणि मग आपल्या गावचा फरक मिळवायचा किंवा वजा करायचा. हे गणित अरबी विद्वानांनी उचललं तेव्हा गावाचं नावही त्यांच्या ग्रंथांत गेलं. अरबीत ‘झ’ आणि ‘र’ यांत एका टिंबाचा फरक. टिंब गळलं आणि उज्जैनचं ‘अरिन’ झालं. पुढे युरोपातल्या पंडितांनी हे अरिन जगाच्या मध्यावरचं कुठलंसं ठिकाण म्हणून लिहून ठेवलं. क्षिप्रेकाठचं आपलं गाव नाव बदलून इतक्या लांब जाऊन आलं, हे मुलांना फार आवडलं.

वेधशाळा बांधली सवाई जयसिंगानं. जयपूरचा हा राजा मोगलांचा माळव्याचा सुभेदार होता. पितळेची यंत्रं लहान, त्यांचे आस झिजतात, खुणा बारीक, मोजणीत फरक पडतो, हे त्याला खटकत होतं. म्हणून त्यानं यंत्रं दगडाचुन्याची केली आणि मोठी केली. दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी आणि मथुरा अशा पाच वेधशाळा त्यानं अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभ्या केल्या. मथुरेची आज उरलेली नाही. उज्जैनची बांधून झाली न झाली तोच माळवा मराठ्यांच्या हाती आला. इंदूर होळकरांकडे, उज्जैन शिंद्यांकडे. शिंद्यांची राजधानी काही वर्षं उज्जैनलाच होती, पण त्या धामधुमीत तारे बघायला कुणाला सवड होती? यंत्रं पडझडीला लागली. शेवटी १९२३ साली माधवराव शिंद्यांनी त्यांची दुरुस्ती करवली, आणि वेधशाळेचे पहिले अधीक्षक झाले ते गोविंद सदाशिव आपटे, आपल्या मराठी पंचांग-गणितातलं मोठं नाव. आज तिला जिवाजी वेधशाळा म्हणतात. काळ मोजण्याच्या वस्तूंचं संग्रहालय म्हणाल तर आमच्या भागात हेच. काचेची कपाटं नाहीत, सगळं उघड्यावर, आणि सगळं अजून चालू. जयसिंगाच्या पाचांपैकी रोजचे वेध घेण्याची परंपरा पुन्हा सुरू होऊन टिकली ती इथे.

सम्राट यंत्र म्हणजे लांबून आकाशात चढत जाणारा जिना. उंची २२ फूट. भिंतीचा उतार मुद्दाम २३ अंश १० कलांचा ठेवला आहे, म्हणजे उज्जैनच्या अक्षांशाइतका, त्यामुळे भिंतीची कड थेट ध्रुवाकडे रोखलेली असते. दोन्ही बाजूंना दगडी कमानी, त्यांवर तासांच्या, मिनिटांच्या आणि मिनिटाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या खुणा. सकाळी भिंतीची सावली पश्चिमेच्या कमानीवर, दुपारनंतर पूर्वेच्या. पलीकडे नाडीवलय यंत्र आहे, त्याला दोन तबकड्या, एक उत्तरेकडे तोंड केलेली, एक दक्षिणेकडे. सहा महिने ऊन एकीवर पडतं, सहा महिने दुसरीवर. मार्च आणि सप्टेंबरात दिवस-रात्र सारखी होते त्या दिवशी ते पाहायला लोक जमतात. २१ जूनच्या सुमाराला शंकू यंत्राची सावली भर दुपारी जवळजवळ नाहीशी होते, कारण कर्कवृत्त इथून अगदी जवळ.

मुलं सम्राट यंत्राच्या कमानीशी वाकली. सावलीची कड होती अकरा वाजून बारा मिनिटांवर. भाचीच्या मोबाईलवर अकरा अठ्ठेचाळीस. धाकटा लगेच म्हणाला, “तीनशे वर्षांचं जुनं आहे ना, मागे पडत असेल.” मोठी मुलगी म्हणाली, “दगड मागे कसा पडेल?” मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. वेधशाळेतल्या एका माणसानं कोष्टक समजावून सांगितलं, आणि त्यानंतर अर्धा तास मुलांनी ऊन विसरून आकडेमोड केली.

यंत्र मागे पडत नाही आणि मोबाईलही चुकत नाही. मोबाईलवरची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेघेची. उज्जैन त्या रेघेच्या पश्चिमेला पावणेसात अंशांच्या आसपास आहे. एक अंश सरकायला सूर्याला चार मिनिटं लागतात, म्हणून तिकडे माध्यान्ह झाल्यावर २७ मिनिटांनी तो आमच्या डोक्यावर येतो. उरलेली नऊ मिनिटं सूर्याचीच. पृथ्वीचा मार्ग नेमका गोल नाही आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून सूर्याचे दिवस घड्याळासारखे एकसारखे होत नाहीत. फेब्रुवारीच्या मध्याला हा एकूण फरक ४१ मिनिटांवर जातो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेदहापर्यंत उतरतो. ती नऊ मिनिटं वर्षभर मागेपुढे होत राहतात. ती २७ मिनिटं मात्र बाराही महिने तशीच. ती आकाशानं दिलेली नाहीत, माणसांनी ठरवलेली आहेत.

ती कशी ठरली याची गोष्ट मुंबईत घडली. रेल्वे येण्याआधी प्रत्येक गावाची वेळ त्या गावच्या माध्यान्हावर चालायची आणि कुणाचं काही अडायचं नाही. गाडीला मात्र प्रत्येक स्टेशनावर वेगळी वेळ परवडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडची रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले. मुंबईची वेळ मद्रासच्या अर्धा तास मागे. १८८१ साली सरकारनं मुंबईवर मद्रासची वेळ लादून पाहिली, लोकांनी ओरड केली आणि ती मागे घ्यावी लागली. मग १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशाला एकच प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची घड्याळं ३९ मिनिटं पुढे करायची होती. बंगालची फाळणी नुकतीच झालेली, स्वदेशीचे दिवस. ज्यांनी बंगाल तोडला तेच आता आमचा सूर्य हलवतायत, असं लोकांना वाटलं. गिरणी कामगारांनी विरोध केला, कारण त्यांच्या दृष्टीनं याचा अर्थ एकच होता: ३९ मिनिटं आधी अंधारात उठायचं, पगार तेवढाच. महापालिकेनं आपली घड्याळं मुंबईच्याच वेळेवर ठेवली, आणि दोन वेळा सांभाळत शहर १९५५ पर्यंत चाललं. म्हणजे स्वराज्य आल्यावरही आठ वर्षं.

मुंबईच्या विद्यापीठातला राजाबाई टॉवर आपल्याला सिनेमातून ठाऊक असतो. तो १८७८ साली पूर्ण झाला. कापसाच्या व्यापारातले प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि आईचं नाव द्यायला सांगितलं. राजाबाईंना दिसत नव्हतं, आणि जैन असल्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवायचं, म्हणून टोल ऐकून त्यांना वेळ कळावी अशी मुलाची इच्छा होती, अशी आख्यायिका आमच्यात घरोघरी सांगतात. अक्षरशः तसंच झालं की नाही ते सोडा. मला त्या गोष्टीत एकच विचार सतावतो. दिसत नसलेल्या बाईला संध्याकाळ झालेली कळायला टोल लागतो का? उन्हाची ऊब गालावरून उतरते, पाखरांचा गलका होतो, वारा बदलतो. ते तिला आपल्याहून आधी कळत असणार. टोल होता तो दुसऱ्यांसाठी, कोर्टातल्या वकिलांसाठी, पेढीवरच्या कारकुनांसाठी. आईचं व्रत सूर्याचं होतं आणि मुलाचा धंदा घड्याळाचा. टॉवरला नाव मात्र आईचं मिळालं.

इंदूरलाही हेच झालं, फक्त टोलाऐवजी भोंगा. मालवा मिल, हुकुमचंद मिल अशा गिरण्यांच्या भोंग्यांवर हे शहर उठायचं आणि झोपायचं. माझ्या सासूबाई घड्याळ वाचायच्या नाहीत. “पहिला भोंगा झाला, आता कणीक भिजव,” असं त्यांचं वेळापत्रक. सर सेठ हुकुमचंद आमच्या समाजातलं मोठं नाव. देवळं बांधणारे, धर्मशाळा उघडणारे. पण गिरणी रात्रपाळीवरही चालते, आणि पाळीवर जाणाऱ्या माणसाला सूर्यास्तापूर्वी जेवायला सवड मिळेलच असं नाही. घरी सूर्याचा काळ आणि कारखान्यात भोंग्याचा, हे दोन्ही एकाच शेठजींच्या शहरात नांदत होतं. १९९१ साली हुकुमचंद मिल बंद पडली तेव्हा भोंगाही गेला. गिरणगावातल्या बायांना सकाळी काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं, असं सासूबाई सांगत. ज्या भोंग्यानं नवऱ्याला आयुष्यभर पळवलं, त्याच्याविना त्यांना दिवस सुरू करता येत नव्हता.

वेधशाळेच्या आवारातच आता एक नवं घड्याळ आहे. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याचं लोकार्पण झालं, ८५ फूट उंच मनोऱ्यावर. विक्रमादित्य वैदिक घड्याळ असं नाव. दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, त्याचे ३० मुहूर्त, प्रत्येक ४८ मिनिटांचा. मुलं एकदम ओरडली, “आजीच्या सामायिकाचं घड्याळ!” मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण त्याच पायरीवर बसून मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली, कारण नुसत्या अभिमानानं पोट भरलं की मूल पुढचा प्रश्न विचारत नाही.

आपल्या सूर्यप्रज्ञप्तीत वर्षातला सगळ्यात मोठा दिवस १८ मुहूर्तांचा आणि सगळ्यात लहान १२ मुहूर्तांचा सांगितला आहे. वेदांग ज्योतिषातही हेच प्रमाण. १८ मुहूर्त म्हणजे १४ तास २४ मिनिटं. उज्जैनला जूनमधला मोठ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आसपास, म्हणजे सतरा मुहूर्तसुद्धा जेमतेम. मोठ्या मुलीनं विचारलं, “मग पुस्तक चुकीचं?” मी म्हटलं, नकाशा काढ. उत्तरेकडे जावं तसा उन्हाळ्याचा दिवस मोठा होत जातो. १४ तास २४ मिनिटांचा दिवस पाहायचा तर उज्जैनहून बरंच वर, काश्मीरच्या बाजूला जायला हवं. तो आकडा त्या बाजूच्या आकाशाला बसतो, माळव्याच्या नाही. जागा लक्षात न घेता सांगितलेली वेळ अर्धीच असते, मग ती पोथीतली असो की मोबाईलवरची.

भाचीची काळजी वेगळीच होती, ती तिनं यंत्राच्या सावलीत बसून सांगितली. “मावशी, यांना शाळेची घंटा माहीत नाही. पुढे नोकरीत, परीक्षेत, गाडी पकडताना काय करतील? आमचं चुकत तर नाही ना?” मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. पण सकाळपासून जे पाहत होते त्यावरून तिला एवढंच म्हणाले की घंटा पाळायला आठ दिवसांत येतं, गिरणीतल्या अडाणी माणसालाही ते आलं. ती घंटा कुणाच्या सोयीनं वाजते हा प्रश्न मात्र मुंबईच्या कामगारांना पडला, कारण त्यांना जुनी वेळ आठवत होती. ज्याला एकच वेळ माहीत असते तो हा प्रश्न विचारू शकत नाही. तुझ्या मुलांना दोन माहीत झाल्या. गाडी मोबाईलच्या वेळेनं पकडायची, त्यात वाद नाही. सगळ्यांनी एक वेळ मानली म्हणून तर इंदूरहून बसलेला माणूस सांगितल्या वेळी पुण्याला पोचतो, आणि दवाखान्यातलं औषध वेळेवर मिळतं. ही सोय मोठी आहे, आपण सगळे तिच्यावर जगतो. फक्त ती सोय आहे, सूर्य नव्हे.

ती काही बोलली नाही. तिचा धाकटा उन्हात उभा राहून स्वतःची सावली पावलांनी मोजत होता आणि पौषाचं उत्तर चार यायला पाहिजे म्हणून पुन:पुन्हा मोजत होता. सूत्रातलं माप गुडघ्याएवढ्या उंचीच्या सावलीचं आणि पोरसीच्या वेळेचं आहे, आता तर दुपार झाली होती. त्याला तेही सांगावं लागलं.

जैन बाईच्या स्वयंपाकघरात दोन वेळा नेहमीच सोबत राहिल्या आहेत, आपण त्याकडे इतिहास म्हणून पाहिलं नाही एवढंच. भिंतीवर घड्याळ असतं आणि त्याच्या शेजारी सूर्योदय-सूर्यास्ताचं छापील कोष्टक, स्थानकातून मिळालेलं, गावागावाचं वेगळं. नवकारसी पाळायची तर सूर्योदयानंतर ४८ मिनिटं. इंदूरला संक्रांतीच्या दिवसांत सूर्य सात-दहाला उगवतो, म्हणून आठला दोन मिनिटं कमी असताना पहिला घोट. पोरसीचं पच्चक्खाण असेल तर दिवसाचा चौथा हिस्सा. जानेवारीत तो पावणेतीन तासांच्या आत, जूनमध्ये सव्वातीन तासांच्या वर. चौविहार सूर्यास्तापूर्वी. याच दिवसांत कोलकात्याच्या नणंदेकडे सव्वापाचच्या आत ताट उचलावं लागतं, इंदूरला सहाच्या सुमारास, आणि राजकोटला जावेच्या माहेरी सहा-वीस होऊन गेले तरी ऊन असतं. तिघींच्या घड्याळात एकाच वेळी सहा वाजतात, पण तिघींची संध्याकाळ एक नसते. फोनवर “जेवलीस का?” विचारताना आम्ही हा फरक मनातल्या मनात लावून घेतो. आम्हाला कुणी रेखांश शिकवलं नव्हतं.

हे कोष्टक कुणी संग्रहालयात ठेवणार नाही. वर्ष संपलं की ते रद्दीत जातं किंवा फळीवर डब्यांखाली अंथरलं जातं. पण देश एका घड्याळावर आल्याला शंभराहून जास्त वर्षं झाली, रेल्वेनं, सरकारनं, भोंग्यानं सगळ्यांची वेळ एक करून टाकली, तरी आपल्या गावचा सूर्य नेमका कधी उगवतो आणि कधी मावळतो हे ज्यांनी एकही दिवस न चुकता लक्षात ठेवलं, त्यांत ज्योतिषी आणि वेधशाळेतली माणसं आहेत, तशा स्वयंपाकघरातल्या बायकाही आहेत. भाचीनं त्या कोष्टकाचा फोटो मागून घेतला. मुलं आता रोज त्यातली वेळ आणि गच्चीवरून दिसणारा सूर्य ताडून पाहतात आणि किती मिनिटांचा फरक पडला ते वहीत लिहितात. पहिल्या आठवड्यात समोरच्या इमारतीमुळे रोज दहा-बारा मिनिटं उशीर दिसत होता. तोही त्यांनी लिहून ठेवलाय.